खाद्यसंस्कृती शिकायला इटलीत जाताना

इटलीत खाद्यसंस्कृतीचं पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं मी ठरवलं तेव्हा घरी येणारा प्रत्येक पाहुणा एकच विचारायचा, "म्हणजे शेफ होणार का?" आता मला याच शिक्षणाबद्दल निरोप येतात आणि त्यातल्या निम्म्या मुलामुलींच्या मनातही हीच गल्लत असते. म्हणून सुरुवात तिथूनच करते. गॅस्ट्रोनॉमी म्हणजे स्वयंपाकाचं प्रशिक्षण नव्हे. पदार्थ ताटात येईपर्यंत त्याच्या मागे जे जे घडतं त्याचा हा अभ्यास आहे. जमीन, बियाणं, जनावर, मजुरी, बाजार, कायदा, जात, धर्म, स्थलांतर, चव आणि आठवण, सगळं त्यात येतं. कांदा बारीक चिरता येत नसेल तरी चालतं. लासलगावात कांद्याचा भाव कसा ठरतो याचं कुतूहलच नसेल, तर मात्र हे शिक्षण कंटाळवाणं होईल.

हा लेख मुख्यतः एका ठिकाणाबद्दल आहे. उत्तर इटलीत पिएमोंते प्रांतात ब्रा नावाचं छोटं शहर आहे आणि त्याला लागून पोलेंझो हे गाव. तिथलं गॅस्ट्रोनॉमिक सायन्सेसचं विद्यापीठ 2004 मध्ये सुरू झालं. त्यामागे स्लो फूड ही फास्ट फूडच्या विरोधातली चळवळ आणि ब्राचेच कार्लो पेत्रिनी होते. 1986 मध्ये रोममधल्या प्रसिद्ध स्पॅनिश पायऱ्यांजवळ मॅकडोनाल्ड्स उघडायला निघालं, त्या विरोधातून या चळवळीला तोंड फुटलं. 1989 मध्ये पॅरिसमध्ये तिचा जाहीरनामा निघाला. विद्यापीठ भरतं ते सवॉय घराण्यातल्या राजा कार्लो अल्बेर्तोच्या एकोणिसाव्या शतकातल्या शेती-इस्टेटीत. लाल विटांची इमारत, मधोमध मोठं अंगण, तळघरात वाइन बँक, म्हणजे वाइनच्या बाटल्या जपून ठेवण्याची जागा. घराण्याच्या इतर वास्तूंसोबत ही जागाही 1997 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे.

पहिली पायरी: प्रश्न शोधा

बहुतेक जण विद्यापीठांची यादी करून सुरुवात करतात. माझा आग्रह उलटा आहे. आधी स्वतःचा प्रश्न शोधा, मग तो कुठे शिकायला मिळेल ते बघा. अर्जात, मुलाखतीत, शिष्यवृत्तीच्या निबंधात आणि शेवटी प्रबंधातही तोच प्रश्न उपयोगी पडतो. तो नसेल तर अर्जात "मला लहानपणापासून जेवणाची आवड आहे" एवढंच उरतं. हे वाक्य जवळजवळ प्रत्येक अर्जात असतं.

"महाराष्ट्राची खाद्यसंस्कृती" हा प्रश्न नाही, ते ग्रंथालयातल्या कपाटाचं नाव आहे. माझीही सुरुवात "कोकणातलं कोकम" इथपासूनच झाली होती, आणि तीही तेवढीच पसरट होती. मग मे महिन्यात पंधरा दिवस कुडाळजवळ आत्याकडे जाऊन राहिले.

तिथे काय दिसलं ते सांगते. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडून बिया आणि गर वेगळा काढायचा. साली उन्हात पसरायच्या. गराच्या रसात मीठ घालायचं, साली त्यात बुडवून काढायच्या आणि पुन्हा वाळवायच्या. असे एकामागून एक पूट देत गेलं की सालीचं आमसूल होतं, काळपट, मऊ आणि किंचित चिकट. बिया टाकत नाहीत, त्यांचं मुठेल, म्हणजे घट्ट होणारं तेल, निघतं. मी वजनकाटा घेऊन बसले होते आणि दर वेळी विचारत होते, "मीठ किती?" आत्या हसून म्हणाली, "हाताक कळता गो, तुका काय सांगू?" मग मी तिला विचारणं सोडलं. ती मूठ भरायची, मी ती मूठ काट्यावर रिती करायला लावायची. तीन दिवसांत अकरा मुठी मोजल्या. कोरड्या दिवशीची मूठ आणि ढगाळ दिवशीची मूठ सारखी नव्हती. हात हवामान बघून मीठ घेत होता.

खरा प्रश्न मात्र दुसऱ्या आठवड्यात सापडला. आभाळ भरून आलं आणि घरातली सगळी माणसं साली आत घ्यायला धावली. रातांबे पिकतात एप्रिल-मेमध्ये, काही झाडांवर जूनपर्यंत. वाळवायला ऊन मिळतं ते पाऊस येईपर्यंतच. वळवाची एक सर लांबली की आठवड्याचं काम बुरशीला जातं. तो तोटा कोण सोसतं? झाडाचा मालक, वाळवणाऱ्या बायका, की गोळा करून नेणारा व्यापारी? सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे. त्या मानांकनाचा, वाळवणाऱ्या हातांना काही उपयोग होतो का? इथे मला पहिल्यांदा वाटलं की यावर वर्षभर काम करता येईल.

तुम्हीही महिनाभर असंच काही करा. विषय जवळचा, जागा एक, माणसं मोजकी. मंगळवेढ्याची ज्वारी, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ, जळगावचं भरताचं वांगं, भिवापूरची मिरची, गोव्याची फेणी, यांना मानांकन मिळालं आहे आणि प्रत्येकाभोवती न विचारलेले कितीतरी प्रश्न आहेत. मानांकनाच्या बाहेरही बघा. वसतिगृहाची मेस, हुरड्याच्या पार्ट्या, अंगणवाडीचा आहार, लग्नातले केटरर, मुंबईतल्या मासळी बाजारातल्या कोळणी. मराठवाड्यातल्या दलितांच्या अन्नावर शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक 2015 मध्ये लिहिलं. जे अन्न कुठल्याही पाककृतींच्या पुस्तकात नव्हतं, ते त्यामुळे नोंदलं गेलं. आपल्या भोवती अजून काय काय नोंदलेलंच नाही याचा अंदाज घ्यायला ते जरूर वाचा.

वहीत रोज तीन गोष्टी वेगळ्या लिहा: डोळ्यांनी पाहिलेलं, कुणी सांगितलेलं आणि आपल्याला वाटलेलं. ही सवय इथेच लागली तर तिकडे पहिल्या सत्रात फार जड जात नाही.

दुसरी पायरी: 'मास्टर' या शब्दाचा अर्थ नीट समजून घ्या

इथे पैसे आणि वर्षं दोन्ही वाया जाऊ शकतात, म्हणून सावकाश वाचा.

इटलीत पदव्युत्तर शिक्षणाचे दोन वेगळे प्रकार आहेत आणि इंग्रजीत दोघांनाही मास्टर म्हणतात. पहिला 'लाउरेआ माजिस्त्राले': दोन वर्षं, 120 क्रेडिट. ही आपल्याकडच्या एम.ए., एम.एस्सी.सारखी पूर्ण पदवी, यानंतर पीएच.डी.ला जाता येतं. दुसरा 'मास्तेर उनिवेर्सितारिओ', त्यातही पहिल्या पातळीचा: साधारण एक वर्ष, किमान 60 क्रेडिट. हा व्यवसायाकडे नेणारा अभ्यासक्रम आहे. यात प्रवास, प्रत्यक्ष काम आणि इंटर्नशिप यांवर भर असतो. मात्र एवढ्यावर इटलीत पीएच.डी.ला थेट प्रवेश मिळत नाही. पोलेंझोला दोन्ही प्रकार आहेत.

पुढे भारतात प्राध्यापक व्हायचं असेल, संशोधनात राहायचं असेल, तर दोन वर्षांचा रस्ता धरा आणि इथल्या समकक्षतेचे नियम अर्ज करण्याआधी वाचून काढा. आधीच नोकरी आहे, शेतीमालाचा व्यवसाय आहे, पत्रकारिता करता आहात आणि दृष्टी व ओळखी हव्या आहेत, तर एक वर्षाचा अभ्यासक्रम पुरेसा आहे. माझ्या वर्गातली एक मुलगी एक वर्षाचा अभ्यासक्रम संपवून पीएच.डी.साठी अर्ज करायला गेली तेव्हा तिला हा फरक कळला. ती किती रडली ते मी पाहिलं आहे.

इटलीची पहिली पदवीच तीन वर्षांची असते. त्यामुळे आपलं तीन वर्षांचं बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. तिथे सहसा अडत नाही. कृषी, हॉटेल मॅनेजमेंट, इतिहास, अर्थशास्त्र, पत्रकारिता, कुठूनही येता येतं.

पोलेंझो हा एकच पर्याय नाही. अमेरिकेत बॉस्टन विद्यापीठात गॅस्ट्रोनॉमीचं एम.ए. आहे. त्याच्या उभारणीत ज्युलिया चाइल्ड आणि जॅक पेपाँ या नामवंत पाककृती-लेखकांचा हात होता. न्यूयॉर्क विद्यापीठात फूड स्टडीज आहे. लंडनच्या सोआस विद्यापीठात अन्नाचं मानववंशशास्त्र शिकवतात. जात, भूक, वसाहती इतिहास यांवर काम करायचं असेल तर मी तिकडे पाठवीन. स्पेनमध्ये सान सेबास्तियानचं बास्क क्युलिनरी सेंटर 2011 पासून सुरू आहे आणि ते स्वयंपाकघराच्या जास्त जवळचं आहे. पोलेंझोचं वैशिष्ट्य म्हणजे अभ्यासदौरे. वर्ग उठून शेतात, गोठ्यात, गिरणीत, मिठागरात जातो आणि तिथेच शिकतो.

तिसरी पायरी: अर्ज

पत्राचा पहिला परिच्छेद तुमच्या वहीतून उचला. "अन्न माणसांना जोडतं" असं लिहू नका. "15 मे रोजी दुपारी साडेतीनला आभाळ भरून आलं आणि आम्ही अर्धवट वाळलेल्या साली घरात घेतल्या" असं लिहा. वाचणाऱ्याला तुम्ही दिसायला हवं आणि मागोमाग प्रश्न दिसायला हवा. दुसऱ्या परिच्छेदात या प्रश्नाला कुठली साधनं लागतील ते सांगा: संवेदी परीक्षण (चव, वास, पोत यांची शिस्तीत चाचणी), मानववंशशास्त्र, अर्थशास्त्र, कायदा. तिसऱ्यात हेच विद्यापीठ का, ते. एवढं पुरतं.

शिफारसपत्र मोठ्या नावाच्या माणसाकडून आणण्यापेक्षा ज्यानं तुमचं काम जवळून पाहिलंय त्याच्याकडून घ्या. तालुक्याचा कृषी अधिकारी, बचत गटाची अध्यक्ष, दैनिकातला पुरवणी संपादक यांचं खरं पत्र, न भेटलेल्या कुलगुरूंच्या पत्रापेक्षा वजनदार ठरतं.

मुलाखत झालीच तर इंग्रजीच्या उच्चारांची काळजी करू नका. आमसुलाला इंग्रजीत काय म्हणावं हे मला सुचलं नाही. मी ते तुकडे कॅमेऱ्यासमोर धरले आणि पुढचं सगळं बोलणं त्यावरच झालं.

चौथी पायरी: पैसा

विद्यापीठ खासगी आहे, त्यामुळे फी इटलीच्या सरकारी विद्यापीठांच्या कित्येक पट. दोन आधार आहेत. एक, विद्यापीठाची स्वतःची फीमाफी आणि शिष्यवृत्ती. त्यासाठी लवकर अर्ज करावा लागतो, कारण शेवटच्या फेरीपर्यंत फारसं काही उरत नाही. दोन, पिएमोंते प्रांताची 'एदिसू' ही संस्था. ती कौटुंबिक उत्पन्न बघून शिष्यवृत्ती देते. परदेशी विद्यार्थ्यांनाही ती मिळू शकते, पण ती पदवी आणि लाउरेआ माजिस्त्राले यांच्यासाठी असते. दोन अभ्यासक्रमांतला फरक समजून घ्या असं मी म्हणाले ते यासाठीही.

एदिसूला घरातल्या सगळ्यांचं उत्पन्न, बँकेतली शिल्लक आणि मालमत्ता यांचे कागद लागतात, तेही भाषांतर करून. सातबारा इटालियनमध्ये नेणं सोपं नाही. शेतजमीन असेल तर हे काम सगळ्यात आधी हाती घ्या.

विद्यार्थी व्हिसावर आठवड्याला 20 तासांपर्यंत काम करता येतं. पण ब्रा लहान गाव आहे आणि इटालियन येत नसेल तर काम मिळत नाही. पहिल्या सहा महिन्यांच्या हिशेबात ही कमाई धरू नका. कर्ज काढणार असाल तर हप्ता मनात ठेवूनच अभ्यासक्रम निवडा. या क्षेत्रात सुरुवातीचे पगार मोठे नसतात, हे मी प्रत्येकाला स्पष्ट सांगते.

पाचवी पायरी: कागदपत्रं

आधी सगळी कागदपत्रं टेबलावर मांडा आणि नाव तपासा. आपल्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर वेगळा क्रम. पदवीवर कधी आद्याक्षरंच. लग्नानंतर नाव बदललं असेल तर आणखी गुंता. माझ्या एका प्रमाणपत्रावर नावातलं एक अक्षर चुकलं होतं आणि ते दुरुस्त करून घेण्यात सात आठवडे गेले.

मग पदवी आणि गुणपत्रिकांचं राज्य सरकारकडून साक्षांकन आणि त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा शिक्का. मूळ कागदांवर ते होत असल्यानं आधी चांगल्या प्रती काढून ठेवा. पुढे तुमच्या पदवीची योग्यता सांगणारा दाखला लागतो. तो इटलीच्या वकिलातीकडून मिळणारा 'दिक्यारात्सिओने दी वालोरे' असतो किंवा 'चिमेआ' या इटालियन संस्थेचं ऑनलाइन प्रमाणपत्र. दोन्हींपैकी काय चालेल ते विद्यापीठाला पत्र लिहून विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

प्रवेश मिळाला की 'युनिव्हर्सिटाली' या सरकारी पोर्टलवर पूर्वनोंदणी. त्यानंतर डी प्रकारच्या, म्हणजे दीर्घ मुदतीच्या, व्हिसाचा अर्ज. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या अर्जदारांसाठी मुंबईची इटालियन वकिलात. राहण्याची सोय, पुरेसे पैसे, आरोग्य विमा यांचे पुरावे लागतात. उन्हाळ्यात भेटीच्या वेळा भराभर भरतात. सप्टेंबरमध्ये वर्ग सुरू होणार असतील तर मागच्या सप्टेंबरपासून तयारीला लागा, असा माझा सरळ हिशेब आहे.

सहावी पायरी: जीभ तयार करा, दोन्ही अर्थांनी

वर्ग इंग्रजीतून असले तरी गोठ्यातला गवळी, बाजारातली आजी आणि घरमालक इटालियनच बोलतात. निघण्याआधी चार-पाच महिने रोज अर्धा तास द्या. आधी क्रियापदं नकोत. अंक, वजनं, भाज्या, "हे कसं करता?" आणि "मी बघत उभी राहिले तर चालेल का?" एवढं घट्ट करा.

दुसरी जीभ चवीची. संवेदी परीक्षणाच्या तासाला समोर तीन छोटे कप येतात, प्रत्येकावर तीन आकडी क्रमांक. दोन कप एकाच पदार्थाचे, एक वेगळा. वेगळा कुठला ते सांगायचं. नुसत्या अंदाजानं तीनातून एकदा बरोबर येणारच, म्हणून हे पुन्हा पुन्हा आणि अनेक जणांकडून करून घेतात. घरी सराव करता येतो. साध्या पाण्यात चिमूटभर मीठ, साखर, लिंबू, मेथीचं पाणी असं पातळ करत जा आणि कुठल्या पायरीवर चव कळेनाशी होते ते टिपा.

इथे मराठी माणसाला एक मोठा धक्का बसतो. आपण षड्रस म्हणत वाढतो. तिकडच्या शास्त्रात मूलभूत चवी पाच: गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी. उमामी 1908 मध्ये जपानचे किकुनाए इकेदा यांनी ओळखली. तिखट आणि तुरट त्या यादीत नाहीतच. तिखट ही मिरचीतल्या द्रव्यानं चेतातंतूंना झालेली जळजळ आणि तुरट हा तोंडातला कोरडा, आवळल्यासारखा स्पर्श, असं तिथे शिकवतात. मी पहिल्या आठवड्यात हात वर करून म्हटलं की आमच्याकडे हे दोन्ही रस आहेत. बाईंनी फळ्यावर सहाही नावं लिहायला लावली. लिहिताना मलाच गंमत कळली. संस्कृतातला 'कटु' म्हणजे आपलं तिखट आणि 'तिक्त' म्हणजे आपलं कडू. मराठीत येताना शब्द सरकला आहे. आयुर्वेदावरचं काही वाचताना हे लक्षात ठेवा, नाहीतर सगळा अर्थ उलटा होईल.

आणि आपले शब्द सोबत न्या. वाइनच्या तासाला सगळे फळांची, फुलांची, लाकडाची नावं घेत असतात. मला ती वर्णनं जमेनात. मग मी वहीत मराठीत लिहायला लागले: खरपूस, खमंग, आंबूस, कोंदट, रवाळ, पिठूळ, ओशट, पहिल्या पावसाच्या मातीचा, जळक्या दुधाचा, नवीन गोणपाटाचा. नंतर ते इंग्रजीत नेले. 'खमंग' नेता आला नाही. त्यात भाजल्याचा वास आहे, तेल आहे, थोडी भूकही आहे. मी तो तसाच ठेवला आणि खाली चार ओळी समजावून लिहिल्या. त्या चार ओळींना चांगले गुण मिळाले.

शाकाहारी असाल तर

बरेच जण हे विचारायला संकोचतात. पिएमोंते हा मांसाचा मुलूख आहे. ब्राची स्वतःची ओळख असलेलं सॉसेज वासराच्या मांसाचं असतं आणि तिथे ते कच्चंही खातात. 'बान्या काउदा' ही लसूण-तेलाची गरम चटणी दिसते भाजीसोबतची, पण तिच्यात खारवलेले मासे असतात. पार्मिज्यानो रेज्यानो चीज वासराच्या पोटातल्या रेनेटनंच, म्हणजे दूध गोठवणाऱ्या द्रव्यानंच, बनवावं असा त्याचा नियम आहे, म्हणून काटेकोर शाकाहाराच्या हिशेबात ते बसत नाही. शाकाहारी राहून शिकता येतं. मी वर्गातल्या दोघांना तसं शिकताना पाहिलं. फक्त काय खाणार नाही हे पहिल्याच दिवशी लेखी कळवा आणि वास, पोत, प्रक्रिया यांची टिपणं इतरांपेक्षा जास्त बारकाईनं करा. वाइनच्या चाचणीत थुंकायचं भांडं ठेवलेलंच असतं. सगळे घोळवून थुंकतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

सामान बांधताना हेही लक्षात ठेवा. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ वैयक्तिक सामानात नेता येत नाहीत. म्हणजे तूप नाही, पेढे नाहीत, सुकट घालून केलेली चटणी नेण्याआधीही नियम बघा. ताजा कढीपत्ता आणि आंबेही नाहीत. गोडा मसाला, मालवणी मसाला, कोरडी आमसुलं माझ्यासोबत व्यवस्थित आली. बाकीचं तोरिनोच्या पोर्ता पालात्सो बाजारात मिळतं. तो युरोपातल्या सर्वांत मोठ्या उघड्या बाजारांपैकी एक आहे. ब्राहून आगगाडीनं तासाभरात तोरिनो येतं.

सातवी पायरी: पोचल्यावरचे पहिले दिवस

इटलीत उतरल्यापासून कामाच्या आठ दिवसांत राहण्याच्या परवान्याचा, 'पेर्मेस्सो दी सोज्जोर्नो'चा, अर्ज करायचा असतो. पोस्टातून अर्जाचा संच घ्या, 16 युरोचं मुद्रांक तिकीट लावा, तिथेच भरून द्या. हाती येणारी पावती पासपोर्टइतकीच जपा. प्रत्यक्ष कार्ड यायला महिने लागतात, तोवर तीच तुमचा आधार. बोटांचे ठसे द्यायला पोलिसांच्या 'कुएस्तूरा' कार्यालयात बोलावतात, ती तारीख चुकवू नका. 'कोदिचे फिस्काले' हा कर-क्रमांकही लगेच काढा. त्याच्याशिवाय भाडेकरार, बँक, मोबाइल काहीच धड होत नाही.

घर ब्रामध्ये बघा. पोलेंझो सुंदर आहे, पण दुकानं, स्टेशन, बाजार ब्रामध्ये. दोन्हींत चार-पाच किलोमीटरचं अंतर आहे, बस आहे, सायकलही चालते.

आठवी पायरी: अभ्यासदौऱ्यावर काय बघायचं

माझा पहिला दौरा पार्मा भागातल्या एका चीजच्या कारखान्याचा. पहाटे उठून गेलो. तांब्याच्या मोठमोठ्या कढया, उलट्या घंटेसारख्या. आदल्या संध्याकाळचं दूध रात्रभर ठेवून त्यावरची साय काढलेली आणि त्यात सकाळचं सायीसकट दूध. चाकासारख्या गोल एका चीजला सुमारे 550 लिटर दूध लागतं आणि चाकाचं वजन 40 किलोंच्या आसपास भरतं. किमान 12 महिने ते मुरतं. मग तज्ज्ञ लहानशा हातोडीनं चाकावर ठोकतो आणि आवाजावरून आत भेग किंवा पोकळी आहे का ते सांगतो. सगळे फोटो काढत होते. मी मात्र एका बादलीकडे बघत राहिले. त्यात कालच्या दुधाची निवळी ठेवली होती, आजच्या दुधाला लावायला. म्हणजे विरजणच! मी तसं म्हटलं आणि आमच्याकडे शेजारणीकडून विरजण मागून आणतात हे दुभाष्यामार्फत सांगितलं. तोवर घाईत असलेला तो कारागीर थांबला. विरजण बिघडलं तर तुम्ही काय करता, असं त्यानं मला विचारलं. त्यानंतर अर्धा तास आम्ही तेवढंच बोललो. दौऱ्यावर जाताना आपल्या घरातला असा एक दुवा शोधून ठेवा, समोरचा माणूस मोकळा होतो.

दुसरी गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. पो नदीच्या खोऱ्यातल्या गोठ्यांत कित्येक वर्षांपासून पंजाबातून आलेले शीख कामगार आहेत. नोव्हेलारा गावी 2000 पासून मोठा गुरुद्वारा आहे. इटलीची ओळख असलेल्या चीजचं दूध पहाटे काढणारे हात बऱ्याचदा पंजाबी असतात. वर्गातल्या कुणालाच त्यांच्याशी थेट बोलता येत नव्हतं. मला हिंदी येत होतं. चहा मिळाला, तक्रारी कळल्या, पगाराचं गणित कळलं. तुमची मराठी-हिंदी ही तिथे संशोधनाची साधनं आहेत, ती वापरा.

दर दोन वर्षांनी तोरिनोत भरणारा स्लो फूडचा तेर्रा माद्रे मेळावा आणि विषम वर्षांत ब्राच्या रस्त्यांवर भरणारा चीजचा उत्सव, यांपैकी एक तरी तुमच्या काळात येईल. स्वयंसेवक म्हणून नाव द्या. ओळखी वर्गापेक्षा तिथे जास्त होतात.

नववी पायरी: इंटर्नशिप आणि प्रबंध

इंटर्नशिपसाठी विद्यापीठ यादी देईल, पण स्वतःचं ठिकाण सुचवता येतं का ते विचाराच. परत येऊन काय करायचं हे ज्यांना माहीत असतं त्यांनी शक्यतो त्याच प्रकारची जागा घ्यावी. उत्पादक गट, संग्रहालय, नियतकालिक, लहान प्रक्रिया उद्योग, काहीही. माझ्या ओळखीतली मुलं आज शेतकरी उत्पादक कंपन्यांत, खाद्यपर्यटनात, मसाल्यांच्या उत्पादनविकासात आणि लेखनात आहेत. "गॅस्ट्रोनॉमिस्ट हवा" अशी जाहिरात मला आजवर दिसलेली नाही. आपलं काम काय आहे हे आपणच सांगावं लागतं.

प्रबंधासाठी मुलाखती घेताना संमती घ्यावी लागते, लेखी किंवा ध्वनिमुद्रित. इंग्रजी संमतीपत्रावर अंगठा घेऊ नका. मराठीत लिहा, वाचून दाखवा, नाव छापायचं की नाही ते विचारा. कोकणात परत जाऊन मी हे सगळं मालवणीत सांगितलं तेव्हा तीन बायकांनी नाव नको म्हटलं आणि एकीनं पूर्ण नाव, सासरचं-माहेरचं दोन्ही, छापायचा हट्ट धरला.

प्रबंध जमा झाल्यावर मी त्याचं सार मराठीत चार पानांत लिहून त्या सगळ्यांना वाटलं. आत्यानं चष्मा लावून अंगणात बसून वाचलं. तिसऱ्या पानावर बोट ठेवून म्हणाली, "चार पूट नाय, पाच. शेवटचा तू मोजूकच नाय." मी वही काढून बघितली. पाचव्या पुटाच्या दिवशी मी बँकेच्या कामाला कुडाळला गेले होते.